पिवळाधमक बेदाणा आणि चौथीतली इन्स्पेक्टर

मागच्या मार्चमधला शनिवार. मी तासगाव तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जि.प. शाळेत आहे, पहिली ते चौथी मिळून पट ३१. माहेर माझं कोरेगावचं, म्हणजे वाघ्या घेवड्याच्या गावची मी, द्राक्ष-बेदाण्यातलं मला खरं सांगायचं तर काही कळत नाही, सात वर्षं झाली इथं येऊन तरी. बेदाणा म्हणजे शिऱ्यात आणि खिरीत घालायचा, एवढंच.

शनिवारी दप्तर नसतं, आनंददायी शनिवार. त्या दिवशी ठरवलेलं की गॅस न पेटवता खाऊ करायचा. आता हे बिनगॅसच्या खाऊचं प्रकरण मी बऱ्याच शाळांत बघितलंय आणि मला त्याचा भयंकर राग आहे, कारण स्पर्धेत काय असतं तर क्रीमची बिस्किटं चुरायची, त्यात दूध आणि चॉकलेट पावडर कालवायची, वर रंगीत गोळ्या टाकायच्या आणि ‘केक’ म्हणायचं, आणि पहिला नंबर त्यालाच. अरे ज्या तालुक्यात घराघरात द्राक्षं आणि बेदाणा पडलेला असतो तिथं बिस्किटं कशाला चुरताय? म्हणून मी ठरवलं, फळं आणि सुकामेवा सोडून काही नाही. बेदाण्याचे लाडू, केळीच्या चकत्या, आणि द्राक्ष-डाळिंबाची वाटी. झालं.

शुक्रवारी संध्याकाळी तासगावात दुकानातून एक किलो बेदाणा घेतला, सुटा. दुकानदारानं दोन-तीन प्रकार दाखवले, एक हिरवट, एक जरा तपकिरी मळकट, आणि एक असा पिवळाधमक की सोन्याचे मणीच. अर्थात मी पिवळा घेतला. अर्धा किलो खजूर, किलोभर शेंगदाणे रात्रीच भाजून सोलून ठेवले, पाव किलो खोबरं किसलं, आणि घरात खारीक पडलेली ती पण पिशवीत टाकली, म्हटलं लाडवात चांगली लागते. घरचा मिक्सर स्कूटीच्या पायाशी ठेवून शाळेत. दुसरे शिक्षक, म्हणजे आमचे सर, बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाला गेलेले, म्हणजे ३१ पोरं आणि मी एकटी.

पोरं गोल बसली, मी ताटात बेदाणा ओतला. छान दिसत होता. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी उठली. हिचे आईवडील बेदाण्याच्या शेडवर कामाला आहेत, आई निवडायला असते. पोरगी एरवी वर्गात तोंडातून शब्द काढत नाही. ती आली, मूठभर बेदाणा घेतला, नाकाजवळ नेला, एक दाणा दोन बोटांत चेपला आणि म्हणाली,

"मॅडम, ह्यो धुरीचा हाय."

"कसली धुरी?"

"गंधकाची. ह्यो असाच देऊ नगा, धुवून घ्या."

मला वाटलं पोरगी उगाच काहीतरी बोलतीय. मी वास घेतला तर मला काही आलं नाही. मग तिनं माझ्या हातावर पाच-सहा दाणे ठेवून हात बंद करायला लावला, जरा वेळानं उघडून हुंगायला सांगितलं. आणि खरंच, काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा बारीक उग्र वास.

मग काय, सगळा वर्गच सुटला. ह्याच्या घरी बाग, त्याच्या मामाचं शेड, सगळे एकदम बोलायला लागले, आणि मी खुर्ची सोडून खाली बसून ऐकत होते. त्यांच्याकडून जे कळलं ते असं: द्राक्षं तोडून आणली की नुसती वाळत घालत नाहीत, कारण द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, त्यातून पाणी बाहेर पडायला फार वेळ लागतो. म्हणून आधी डिपिंग. पाण्यात ‘कार्बोनेट’ आणि ‘डिपिंग ऑइल’ घालतात (पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट, हे मी नंतर बघितलं), त्यात क्रेट बुडवून काढायचे, मग शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, एकावर एक मजले असतात जाळ्यांचे. वर सावली, बाजूनं वारा. दोन-तीन आठवड्यांत बेदाणा तयार. त्यात अवकाळी आला की वाटोळं, हे पहिलीतल्या पोरानं सांगितलं, मोठ्या माणसासारखा चेहरा करून. सावलीत वाळलेला राहतो हिरवट, उन्हात वाळला की तपकिरी होतो, आणि तो पिवळा रंग आणायचा, टिकवायचा असेल तर ताडपत्रीनं बंद करून आत गंधक पेटवतात.

"धुरी देताना डोळं झोंबत्यात मॅडम. आज्जाला लई खोकला येतो, तो लांब बसतो."

आणि ह्या वाक्याला माझ्या पोटात गोळा आला. कारण तिसरीत आमच्याकडे एक मुलगा आहे, दम्याचा, त्याचा पंप माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्येच असतो. आणि सुकामेव्यातल्या सल्फाइटनं, म्हणजे ह्या गंधकाच्या धुरीतून मालात राहतं त्यानं, दम्याच्या काही लोकांना त्रास होतो असं कधीतरी वाचलेलं, डोक्यात कुठंतरी होतं, पण बेदाणा विकत घेताना आठवलं नाही ना. रंग बघून भुलले. पाकीट घेतलं असतं तर मागं लिहिलेलं तरी असतं, सल्फर डायऑक्साइड म्हणा किंवा लेबलवरचा त्याचा २२० नंबर म्हणा, सुट्या मालाला कसलं लेबल.

आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बाकीच्यांचं काही घाबरू नका, पण त्या मुलाला हा बेदाणा देऊच नका, धुऊनसुद्धा नको, वरवरचं जातं, आतलं राहतं. मी म्हटलं बरं. आता ३० पोरं लाडू खाणार आणि एक पोरगं बघत बसणार हे मला जमणार नव्हतं. म्हणजे लाडूच रद्द?

तर ती मुलगी म्हणाली, "थांबा, आमच्या घरात हाय की. आमी खायाला धुरीचा ठेवत न्हाय."

हे ऐकून मी गप्पच झाले. निवडणारे, धुरी देणारे लोक स्वतःच्या डब्यात तो माल ठेवत नाहीत, आणि मी पैसे मोजून तोच आणला.

घर शाळेमागंच. पाच मिनिटांत पोरगी आली, मागून तिची आज्जी, हातात स्टीलचा डबा. डब्यात तपकिरी, सुरकुतलेला, काही दाण्यांना काड्या तशाच असलेला बेदाणा, अजिबात देखणा नाही. एक दाणा तोंडात टाकला तर काय सांगू, पिवळा नुसता गोड होता, ह्याला जरा आंबटपणा होता, द्राक्षाची आठवण होती. पैसे देऊ केले तर आज्जी म्हणाल्या, "बाई, किलोभर बेदाण्याला चार किलो द्राक्षं जात्यात, तुमच्याकडनं चार किलोचं पैसं घिऊ व्हय?" आणि हसल्या. नाही घेतले.

पुढं काम सुरू झालं. काड्या काढणं पहिली-दुसरीला दिलं. बेदाणा पाण्यातून काढून पांढऱ्या पंचावर व्हरांड्यातल्या उन्हात पसरला. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, धुतलेला बेदाणा ओला असताना लाडवाला घेतला तर मिश्रण चिखल होतं आणि लाडू दोन-चार दिवसांत बुरशी धरतो. मार्चचं ऊन आमच्याकडचं, तासाभरात कोरडा झाला. तोवर केळीच्या चकत्या केल्या, लिंबू पिळून घेतलं म्हणजे काळ्या पडत नाहीत, आणि शेंगदाण्याच्या कुटात घोळवल्या. द्राक्षं आणि आटपाडीची डाळिंबं वाटीत.

आणि मग माझा शहाणपणा. मिक्सरमध्ये पहिल्यांदा खारीक टाकली. बिया काढल्या होत्या पण खारीक ती खारीक, दगड. मिक्सर एकदा गुरगुरला, खाड् असा आवाज आला आणि जारखालचं काळं कपलर तुटून पडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आज्जी तिथंच बसलेल्या. काही न बोलता उठल्या, एका मोठ्या मुलाला हाताशी घेतलं आणि घरून पाटा-वरवंटा आणला. वरवंट्याला तेलाचं बोट लावलं. म्हणाल्या नुसता बेदाणा वाटू नका, गोळा हून चिकटतोय, थोडं कूट, थोडा बेदाणा असं घ्या. मिक्सरमध्ये सुद्धा हेच होतं, पात्याभोवती बेदाण्याचा गोळा बसतो आणि मोटर गरम होते, म्हणून बेदाणा कुटाबरोबर घ्यायचा, थांबून थांबून फिरवायचा. आज्जींनी एक घास वाटून दाखवला, मग पोरांची रांग लागली, प्रत्येकाला दहा हात. वाटताना असा वास सुटलेला की बाहेर रस्त्यावरनं जाणारा ट्रॅक्टर थांबला. (खरं, थांबला. दोन लाडू घेऊन गेला.)

प्रमाण विचारणाऱ्यांसाठी: एक किलो बेदाणा, अर्धा किलो बिया काढलेला खजूर, एक किलो भाजलेले शेंगदाणे, पाव किलो खोबरं, वेलदोडा चवीपुरता. गूळ-साखर काही नाही, लागतच नाही. पावणेतीन किलोचे २५ ग्रॅमचे लाडू करा म्हटल्यावर चौथीनं ११० उत्तर काढलं, आले १०४. सहा कुठं गेले हे मी विचारलं नाही, सगळ्यांच्या गालाला लागलेलं होतं.

शेजारच्या अंगणवाडीची पोरं पण दारात येऊन उभी राहिली. तीन-चार वर्षांची. त्यांना देताना मात्र मी कडक, अख्खा शेंगदाणा नाही, अख्खं द्राक्ष नाही, द्राक्ष उभं चिरून चार फोडी, डाळिंब नाहीच, कारण असं गोल-कडक घशात अडकायला वेळ लागत नाही. लाडू चिमटीएवढा, तो पण बसून खायचा, पळत नाही. सेविकाताई म्हणाल्या, मॅडम तुम्ही फारच भिता. असू दे म्हटलं, भिते.

दम्याच्या पोरानं दोन लाडू खाल्ले. मी त्याच्याकडं अर्धा तास टक लावून बघत होते, त्यालाच शेवटी लाज वाटली. "मॅडम, मला काय न्हाय झालं," म्हणाला आणि तिसरा उचलला.

आणि ज्या मुलीमुळं हे सगळं झालं, तिच्यापुढं मी कौतुकानं ताट धरलं, म्हटलं तू दोन घे, तीन घे. तिनं नाक मुरडलं.

"मला नगं. रोज बेदाणाच बघतोय. मला त्यो केळाचा द्या."

आठ चकत्या खाल्ल्या तिनं.

पिवळा बेदाणा मी परत नेला. रविवारी दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, मॅडम, मालाला काय नाव ठेवू, पण गिऱ्हाईक रंगच बघतं, तपकिरी कोणी हात लावत नाही. त्याचंही खोटं नाही, शुक्रवारी मीच लावला नव्हता. कपलर ऐंशी रुपयांना बसवून घेतलं. खारीक आता खलबत्त्यातच.

हजेरीपटावर त्या दिवशी कुणीतरी लाडवाचा हात ठेवला होता, मार्चचं पान अजून एप्रिलला चिकटलेलं आहे.