पोलीस कथा ग्यात?

डिसेंबर २०२५ मध्ये 'शोले' नव्याने लागला, तेव्हा आप्पांना जळगावच्या मल्टिप्लेक्सला घेऊन गेलो. कानटोपी, मफलर, वर शाल. एसी थेटरात जायचं म्हणजे आप्पा रातचं पाणी भरायला मळ्यात निघाल्यासारखे निघतात. दारावर त्यांच्या खिशातली खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी काढून घेतली. आत पॉपकॉर्नचा भाव ऐकून म्हणाले, "एवढ्यात आठ किलो दादर ज्वारी येते." मग तीन तास मात्र हू की चू नाही.

शेवटी ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला तुडवायला लागला, तसे आप्पा खुर्चीच्या कडेला सरकून बसले. आता पोलीस येणार. ठाकूरला अडवणार, कायदा सांगणार. पन्नास वर्षं येतच होते ते. आले नाहीत. ठाकूरने गब्बरला जिवंत सोडलंच नाही.

"पोलीस कथा ग्यात?" आप्पांनी भर अंधारात विचारलं. आमच्या अहिराणीत 'कथा ग्यात' म्हणजे कुठे गेले, अन् 'उनात' म्हणजे आले. पुढच्या रांगेतली पोरं वळून हसली.

बाहेर आल्यावर मी समजावलं. शूट केलेला खरा शेवट हाच होता. पण पिक्चर आला १५ ऑगस्ट १९७५ ला, आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. निवृत्त पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला चालेना, म्हणून पोलीस घुसवावे लागले. आता मूळचा शेवट परत जोडलाय. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "हाऊ शेवट आपला नही."

मला गंमत वाटली ती याचीच. नव्या पिक्चरवर सदा तोंडसुख घेणारा माणूस जुना पिक्चर जुन्यासारखा दाखवला तर नव्यासारखा नाकारतो. आणि त्यांचा तो 'आपला' पिक्चर तरी कोणता? अमळनेरला कापूस विकून आल्यावर, थर्डाच्या बाकड्यावर बसून पाहिलेला. मोठ्या शहरांतल्या मोजक्या थेटरांत सत्तर एमएमचा पडदा न् चारी बाजूंनी आवाज होता. बाकी गावांना साधी पस्तीस एमएमची प्रिंट, तीही दहा गावं फिरून ओरखडे पडलेली, आणि आवाज एकाच भोंग्यातून. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला, आप्पांच्या वाट्याला एक आठवडा. बनवणाऱ्याने जे बनवलं ते आप्पांनी पहिल्यांदा पाहिलं ते परवा. त्यांना ते बेगडी वाटलं.

त्या थर्डाची एक गोष्ट मला फार आवडते. पिक्चरच्या आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर यायचं, त्यावर रिळांचा आकडा असायचा. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे साधारण अकरा मिनिटं. कोणीतरी वाचता येणारा ओरडायचा, "अठरा!" की शिट्ट्या. तेराचा आकडा आला की थेटरात सुतक. पैसे वसूल होणार की नाही, ते तिथेच कळायचं. आता अडीच तासांचा पिक्चर म्हटलं की माझी मुलगीच विचारते, "मध्ये ढकलता येतो का?"

घरी भरिताचा बेत होता. वांगी काटक्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. पहिल्या घासालाच आप्पा सुरू झाले. आताचे पिक्चर म्हणजे नुसती धावपळ, चेहरा नीट बघूच देत नाहीत. एका बाबतीत ते खरंच बोलतात. 'शोले'त राधा हवेलीच्या ओसरीवर एकेक दिवा मंद करत जाते, खाली जय माऊथ ऑर्गन वाजवत बसलेला, दोघं एक शब्द बोलत नाहीत. तेवढा वेळ आज पडद्यावर कोणी कोणाला देत नाही, हे मान्य. पण मी विचारलं, "आप्पा, त्या वर्षी आणखी किती पिक्चर पाहिले?"

"असतील वीस-बावीस."

"नावं सांगा."

'दीवार' सांगितला. मग 'जय संतोषी माँ', तेव्हा बाया थेटराच्या दारात चपला काढून आत गेल्या होत्या म्हणून लक्षात. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. बाकीचे अठरा-वीस गेले कुठे?

उत्तर मायने दिलं, चुलीपासून. "बीनं कनीस नि खयानी रास, बराबरी करस का कोनी?" आमच्याकडे दादरची सगळ्यात भरलेली कणसं निवडून बियाण्याला आढ्याला टांगतात. ती टांगलेली कणसं एका हातात आणि यंदाची खळ्यातली रास, खडे-कोंड्यासकट, दुसऱ्या हातात. रास हरणारच की!

माझी स्वतःची एक तक्रार आहे, ती जुन्यांबद्दल. मराठी पिक्चरमधलं खेडं म्हणजे कायम 'आलुया, गेलुया' बोलणारं. तापीकाठचा माणूस पडद्यावर बोलला तरी कोल्हापूर-साताऱ्याकडचंच बोलायचा. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्या १९६१ च्या 'मानिनी'त गेल्या, पण ती गाणी. अहिराणीत कोणी भांडलेलं, शिव्या घातलेल्या, मी लहानपणी पडद्यावर ऐकल्या नाहीत. आता आमच्या गल्लीतली पोरं मोबाईलवर अहिराणी गाणी शूट करतात. कॅमेरा हलतो, नट लाजतो, नटी डोळ्याला डोळा देत नाही. लग्नात मात्र वरात तीच लावून नाचते, आणि आप्पाही पायाने ठेका धरतात, कोणी बघत नाही असं समजून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर आप्पांच्या बरोबरीचे तिघे जमले होते. आप्पा पिक्चर सांगत होते, हातवाऱ्यांसकट. आवाज कसा कानामागून येतो, नाणं पडतं ते आपल्याच बाकड्याखाली पडल्यासारखं कसं वाटतं. मी दारात उभा राहून ऐकत होतो. गोष्ट शेवटाला आली. ठाकूरचे जोडे, खिळे, गब्बर खाली पडलेला. आप्पा क्षणभर थांबले, माझ्याकडे एकदा पाहिलं.

"न् मंग," आप्पा म्हणाले, "पोलीस उनात."