अण्णांच्या ६३ तबकड्या आणि स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट

पंचवटीतला आमचा वाडा पाडायचा ठरला आणि माडीवरची पत्र्याची ट्रंक माझ्या वाट्याला आली. आत अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तबकड्या. मोजल्या तर ६३ भरल्या: ३८ लाखेच्या जुन्या ७८ वाल्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या), १७ एलपी (मोठ्या, ३३ फेऱ्यांच्या) आणि ८ ईपी (लहान, ४५ फेऱ्यांच्या). सोबत लाकडी पेटीतला रेकॉर्ड प्लेयर, चार वेगांचा. वाड्यात आता एकटी आत्या राहते. तिचं वय ८२, पण तिची बाजाची पेटी अजून रोज संध्याकाळी वाजते. ती एवढंच म्हणाली, "नेतेस तर ने, पण आधी मला सगळ्या एकदा ऐकव. आणि नंतरही ऐकता येतील असं काहीतरी कर."

ते 'काहीतरी' म्हणजे तबकड्या डिजिटल करून ठेवणं. मला वाटलं, दोन रविवारांचं काम. गुढीपाडव्याला सुरुवात केली, आता दसरा होऊन गेला आणि अजून १४ तबकड्या बाकी आहेत. कुणाच्या घरी अशी ट्रंक असेल तर माझ्या चुका तरी त्यांना टाळता येतील, म्हणून लिहिते आहे.

तबकड्या ट्रंकेत आडव्या रचलेल्या होत्या. त्या पुस्तकांसारख्या उभ्याच ठेवायच्या असतात. सगळ्यात खालच्या दोन एलपी वाकल्या होत्या आणि एका ७८ ला कडेपासून आत तडा गेला होता. माडीवर पावसाळ्यात ओल येते, त्यामुळे बऱ्याच तबकड्यांवर बुरशीची पांढुरकी जाळी. एलपी विनाइलच्या, त्यांना पाण्याची भीती नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, चष्मा पुसायचं मऊ फडकं, आणि हात खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा. मधल्या लेबलवर डब्याचं झाकण दाबून धरायचं, नाहीतर कागद भिजून सुटतो.

चूक झाली ती ७८ च्या बाबतीत. एका एलपीवरचा चिकट डाग स्पिरिटने निघाला, म्हणून तोच बोळा मी लाखेच्या तबकडीवर फिरवला. चकाकी डोळ्यांदेखत गेली, बोळा काळा झाला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारा सुतार लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजवतो तो त्यासाठीच. आमच्या देव्हाऱ्याला तसंच पॉलिश केलेलं मी लहानपणी पाहिलंय, पण तबकडी हातात असताना ते आठवलं नाही. लेबलच्या कोपऱ्यात अण्णांच्या अक्षरात आईचं नाव लिहिलेलं होतं. त्या तबकडीची ती बाजू आता कधीच ऐकू येणार नाही. ७८ ला स्पिरिट नाही, सॅनिटायझर नाही, काही नाही. जवळजवळ कोरडं फडकं, फार तर डिस्टिल्ड वॉटरचा ओलसर हात, आणि लगेच पुसून घ्यायचं.

प्लेयर सुरू केला तर तबकडी ठेवायचं ताट फिरेना. मोटरच्या टोकाला पायऱ्यापायऱ्यांची पितळी पुली असते, प्रत्येक वेगाला एक पायरी. पुली रबरी चाकाला फिरवते आणि चाक ताटाला. ते रबर इतक्या वर्षांत दगड झालं होतं. मी प्लेयर एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. आठवड्याने आणला तेव्हा ताट झोकात फिरत होतं. एलपी लावली, छान वाजली. मग ७८ लावली आणि खरखरीपलीकडे काही ऐकूच येईना.

खरखरीचं कारण मला सापडलं. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिल, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट टोकाची सुई लागते. एलपीची सुई १ मिल किंवा त्याहूनही बारीक. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते, आणि तळाशी गाणं नसतं, धूळ असते. गाणं खाचेच्या भिंतींवर असतं. जुन्या प्लेयरच्या हेडला, म्हणजे सुई बसवतात त्या भागाला, म्हणूनच उलटवायची कळ असते, एका बाजूला एलपीची सुई आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची. आमच्या प्लेयरला बसवलेल्या नव्या हेडमध्ये दोन्हीकडे एलपीचीच सुई होती. योग्य सुई कुरियरने मागवली आणि तबकडीतून माणूस गाऊ लागला.

पहिली लावली ती शास्त्रीय गायक बापूराव पलुस्करांची. आमच्या घरात या तबकडीला मान. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी उतारवयात नाशिकला रामनाम-आधार आश्रम काढला, आणि दत्तात्रेय, म्हणजे बापूराव, त्यांचा मुलगा. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढे १९५५ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी बापूरावही गेले. आपल्याकडे एलपी रुळायच्या आधीच. त्यामुळे त्यांचं त्या काळातलं गाणं या तीन-साडेतीन मिनिटांच्या बाजूंमध्ये बसवलेलं आहे. माझी पिढी दीड तासाच्या मैफलीच्या रेकॉर्डिंगवर वाढली. तीन मिनिटांत इतकं शांतपणे गाता येतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आत्या डोळे मिटून ऐकत होती. बाजू संपल्यावर म्हणाली, "हे बापूराव नव्हेत."

मी लेबल वाचून दाखवलं.

"नाव असेल. ही तबकडी आम्ही शंभरदा ऐकलीय. त्यांना कधी घाई नसायची. याला गाडी पकडायचीय."

मला काही जाणवलं नव्हतं. आत्याने पेटी पुढे ओढली आणि ऑर्गनची साथ असलेली एका नाट्यपदाची तबकडी लावायला सांगितली. ऑर्गनचा षड्ज, म्हणजे सा, पेटीवरच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला, पांढरी सहाला, लागत होता. आत्याने ते पद लहानपणी याच तबकडीबरोबर बसवलं होतं, काळी चारमध्ये. "ही पट्टी वर सरकली आहे. बघ तुझं यंत्र." प्रत्येक पेटी एकमेकीशी तंतोतंत जुळलेली नसते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी लगेच मान्य केलं नाही. पण काळी चार आणि पांढरी सहा यांच्यात एक अख्खा अर्धस्वर असतो, म्हणजे वेगात जवळपास शेकडा सहाचा फरक. तेवढा फरक जुळणीचा नसतो.

वेग तपासायला स्ट्रोब चकती, म्हणजे रेघांची कडी असलेली चकती, लागते, कागदावर छापली तरी चालते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळते. त्या उजेडात ७७ रेघांचं कडं ७८ च्या वेगाला जागच्या जागी उभं राहिलेलं दिसतं, आणि १८० रेघांचं कडं ३३ ला. चकती मी आधी माझ्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये लावून पाहिली होती, तिथे सगळ्या रेघा एकमेकींत मिसळून करडा पट्टा दिसला. घरभर एलईडी दिवे, ते तसे लुकलुकतच नाहीत. वाड्याच्या स्वयंपाकघरात मात्र अजून जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूब आहे. तिच्याखाली ३३ च्या रेघा अगदी स्थिर उभ्या राहिल्या, आणि ७८ च्या रेघा भराभर पुढे पळू लागल्या.

ताट उचललं तेव्हा उलगडा झाला. पुलीच्या ७८ च्या पायरीवर काळ्या टेपचा पातळ वेढा होता. चाक तिथे घसरत असणार, म्हणून पकड यावी यासाठी गुंडाळलेला. पुली शेकडा सहाने जाड झाली की ताटही शेकडा सहाने जोरात पळतं. एलपीच्या पायरीला हात लावलेला नव्हता, म्हणून एलपी बरोबर वाजत होत्या. टेप सोलली, पुली आणि चाकाची कड स्वच्छ पुसली, चाकाला बारीक पॉलिश पेपर मारला. रेघा थांबल्या. आत्याने पुन्हा बापूराव ऐकले आणि यावेळी काहीच बोलली नाही, फक्त दुसरी बाजू लाव म्हणून हाताने खूण केली. तोवर मी ११ तबकड्या चुकीच्या वेगात ध्वनिमुद्रित केल्या होत्या. संगणकात वेग दुरुस्त करता येतो, पण मी त्या सगळ्या पुन्हा केल्या.

त्यानंतर सगळं मुद्रण स्वयंपाकघरातच केलं. वाड्याची जमीन लाकडी तुळयांवरची, माडीवर कुणी चाललं की सुई उडते. कडाप्प्याचा ओटा मात्र हलत नाही. रात्रीची जेवणं झाली की ओटा पुसायचा, प्लेयर मांडायचा, आधी ट्यूबखाली वेग बघायचा आणि मग ट्यूब बंद. फ्रीजही बंद, कारण त्याची मोटर सुरू झाली की रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' येतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला की निम्मी घूं-घूं जाते, उरलेली प्लेयरची अर्थिंगची वायर नीट जोडली की. स्पीकर बंद ठेवून हेडफोनवर ऐकायचं. मी टॉर्चच्या उजेडात बसायचे, आत्या पाटावर.

एलपींसाठी लेकाचा नवा प्लेयर आणला. त्याच्या हेडला फोनो प्रीअँप लागतो. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार सप्तकाचा आवाज वाढवलेला असतो, नाहीतर खर्जाच्या खाचा एकमेकींत घुसतील. प्रीअँप ते उलटं करून पूर्ववत करतो. हेड थेट लॅपटॉपला जोडलं तर गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं.

मुद्रण संगणकावर, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर. ऐकायला सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ पुरतात, माझ्या मते कुणालाही पुरतात. पण मुद्रण करताना २४ बिट असले की आवाजाची पातळी खाली ठेवता येते आणि एखादी तान फाटायची धास्ती राहत नाही. ७८ चा आवाज एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो असतो, तरी ती स्टिरिओत घ्यावी. डावा आवाज खाचेच्या एका भिंतीचा, उजवा दुसरीचा. जुन्या जड सुयांनी एखादी भिंत जास्त झिजलेली असते. दोन्ही ऐकून चांगली असेल ती ठेवायची. आमच्या निम्म्या तबकड्यांना या एका गोष्टीने जीव आला.

खरखर काढण्याबद्दल माझं मत सुरुवातीला वेगळं होतं. सॉफ्टवेअरला आधी नुसत्या खरखरीचा तुकडा ऐकवायचा, मग ते सगळीकडून तसा आवाज काढून टाकतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी खूश झाले, इतकी शांतता! आत्याने विचारलं, "तंबोरा कुठे गेला?" खरंच गेला होता. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे कचरा, एवढंच त्या यंत्राला कळतं, आणि तंबोरा तर एकसारखाच चालू असतो. त्याची झणकार खरखरीतच मिसळलेली असते. ती उपसली की गायक विहिरीच्या तळाशी उभा राहून गातोय असं वाटतं. तेव्हापासून मी फक्त 'टक' काढते, खरखर राहू देते. तडा गेलेल्या तबकडीवर मिनिटाला ७८ टका, तीन मिनिटांत २३४. त्या मी एकेक मोठी करून, हाताने काढल्या. तीन रात्री गेल्या. स्वर चालू असताना टक आली तर तेवढीच पुसायची, शेजारच्या स्वराला धक्का लागू द्यायचा नाही. भरतकाम उसवण्यासारखं ते काम आहे आणि मला ते मनापासून आवडलं.

मूळ मुद्रण मी न छाटता ठेवलं आहे, मिनिटाला साधारण ३५ एमबी, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे आणि एक पुण्याला भावाकडे. ऐकायची प्रत फ्लॅकमध्ये. फ्लॅक जागा वाचवतं पण आवाजातलं काही टाकत नाही. एमपी३ टाकतं, कानाला सहसा जाणवणार नाही असं. नातेवाइकांना पाठवायला मी चांगल्या दर्जाच्या (३२० केबीपीएस) एमपी३ केल्या. मात्र एमपी३ लाच मूळ प्रत समजून तबकड्या विकून टाकू नयेत, टाकलेलं परत येत नाही. फाइलींना नावं देवनागरीत दिली, लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, तबकडीच्या क्रमांकासह.

विनाइलमध्ये काही जादू असते का, हे मी घरीच पाहिलं. एकच एलपी आणि तिची फ्लॅक प्रत एकाच अँप्लिफायरवर, आवाज सारखा ठेवून, आत्याची पाठ माझ्याकडे. दहा वेळा बदललं. जिला पट्टीतला अर्धस्वर कळला तिला यातला फरक सांगता आला नाही, मलाही नाही. मग लेकाने तीच फाइल छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावली, तेव्हा आत्याने लगेच हात वर केला. आता तिच्या खोलीत तारेने जोडलेले दोन साधे स्पीकर आहेत आणि एक जुना फोन. तिला उठून तबकडी उलटावी लागत नाही, गुडघ्यांना तेच बरं पडतं.

उरलेल्या १४ तबकड्या दिवाळीआधी करायच्या आहेत. बिल्डरची माणसं तुळशीच्या लग्नानंतर येतील. कडाप्पा त्यांना हवा आहे, तो त्यांनी न्यावा. ट्यूबची पट्टी मात्र चोकसकट मी मागून घेतली आहे.