कार्ड नीट भरा, मग प्लेअरला नावं ठेवा

अंध वाचकांसाठीचा डेझी प्लेअर (डेझी म्हणजे प्रकरणवार उड्या मारता येतील असं बोलकं पुस्तक) बिघडला अशी तक्रार आली, की आधी आतलं मेमरी कार्ड काढून संगणकात लावून बघावं. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो, आणि कार्ड भरणारा घरातला डोळस माणूस असतो.

व्हिक्टर रीडर स्ट्रीम या प्लेअरचं उदाहरण घेऊ. कोरं कार्ड घातलं की हे यंत्र त्यावर ठरावीक फोल्डर स्वतःच तयार करतं. त्यांची नावं डॉलरच्या चिन्हाने सुरू होतात. हा काय कचरा म्हणून ती पुसू नका, बदलूही नका. ‘व्हीआरडीटीबी’मध्ये डेझी पुस्तकं जातात, ‘व्हीआर अदरबुक्स’मध्ये साधी एमपीथ्री पुस्तकं. एका पुस्तकाला एक फोल्डर. पुस्तक चुकून संगीताच्या फोल्डरमध्ये पडलं, तर प्रकरणं गाण्यांसारखी वाजत राहतात.

डेझी पुस्तक झिपमध्ये मिळतं. ते उघडताना फोल्डरच्या पोटात आणखी एक फोल्डर तयार होतो आणि पुस्तक सापडेनासं होतं. डेझीची २.०२ आवृत्ती असेल तर ‘एनसीसी’ नावाची फाइल पुस्तकाच्या फोल्डरमध्ये थेट दिसली पाहिजे. प्रकरणांचा सगळा नकाशा तिच्यात असतो.

सुगम्य पुस्तकालयातून (हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ साली सुरू झालं, सभासदत्व अपंगत्वामुळे छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना) पुस्तक घेताना ते आवाजाचं आहे की नुसत्या मजकुराचं, हे बघून घ्या. मजकुराचं असेल तर तो प्लेअरनेच वाचायचा असतो, आणि त्यात मराठी आवाज नसेल तर देवनागरी पानं मुकी राहतात. फोल्डरच्या नावांचंही तसंच. नावं रोमन अक्षरांत द्या, म्हणजे इंग्रजी आवाज निदान ओबडधोबड का होईना, उच्चार करतो. पहिल्या फाइलमध्ये पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव मराठीत बोलून ठेवलं तर उत्तमच.

घरी वाचून रेकॉर्ड करणाऱ्यांनी फाइलना १, २, ३ असे आकडे देऊ नयेत. बरीच यंत्रं अक्षरक्रम लावतात, मग १ नंतर १०, ११ आणि मागाहून २. ००१, ००२ असं लिहा. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग एमपीथ्रीत बदला, मोनो, ६४ केबीपीएस, कायम बिटरेट (बिटरेट म्हणजे सेकंदाला किती डेटा). माणसाच्या वाचनाला एवढं पुष्कळ होतं. तासाला साधारण २९ एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात हजारभर तास मावतात. बदलता बिटरेट ठेवला तर ‘पुढे जा’ म्हटल्यावर उडी काही यंत्रांत भलतीकडे पडते.

कार्ड एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलं असावं. ६४ जीबीची कार्डं बहुधा एक्सफॅटमध्ये येतात आणि जुनी यंत्रं ती ओळखत नाहीत. कडेची लॉकची पट्टी खाली सरकली असेल तर रेकॉर्डिंग होत नाही, काही पुसताही येत नाही. कार्डाची दिशा कापलेल्या कोपऱ्यावरून बोटाला कळते.

आता वापर. आकड्यांच्या बटणांत मधल्या ५ वर उठावाचा ठिपका असतो, बटणं तिथून मोजायची. २ आणि ८ नं टप्पा बदलतो: भाग, प्रकरण, पान, वेळ. ४ नं मागे, ६ नं पुढे. नवशिके ६ दाबत सुटतात आणि अख्खं प्रकरण ओलांडून जातात, कारण टप्पा बदललेलाच नसतो. ५ दाबलं की आपण कुठे आहोत ते यंत्र सांगतं. रात्री ऐकणाऱ्यांनी स्लीपची, म्हणजे आपोआप बंद होण्याची, वेळ लावावी. १५, ३०, ४५ किंवा ६० मिनिटं. नाहीतर झोप लागते आणि सकाळी कथा तीन प्रकरणं पुढे गेलेली असते.

‘मोबाइलमध्ये सगळं होतं की’ हा कोल्हापुरात हमखास येणारा शेरा. होतं, पण साखरेनं साठीत दृष्टी गेलेल्या माणसाला काचेवर बोट फिरवण्यापेक्षा खरी बटणं लवकर जमतात.

गगनबावड्याच्या एसटीत स्पीकरचा उपयोग नाही, इंजिन सगळं गिळतं. तिथे इअरफोन घ्या. रंकाळ्यावर किंवा महाद्वार रोडला चालताना मात्र एकच कान भरा, दुसरा वाहनांसाठी मोकळा ठेवा. पावसाळ्यात दमट हवेनं कार्डाचे सोनेरी पट्टे मळतात आणि प्लेअर ‘कार्ड नाही’ म्हणतो. पट्टे कोरड्या सुती कापडानं पुसा, ओल्या बोटानं नको. वीज जाण्याचे दिवस असतील तर बॅटरी अर्धी उतरताच चार्जिंगला लावा, आणि संगणकातून कार्ड ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ओढून काढू नका. अर्धवट उतरलेली फाइल यादीत दिसते, पण वाजत नाही.