ड्रिलपासून सुटलेली बॅटरी

कॉर्डलेस ड्रिलला खरं काम दिवसाकाठी फार तर पाच-दहा मिनिटं. दोन भोकं पाडायची, चार स्क्रू पिळायचे आणि उरलेला वेळ फळीवर आडवं पडून राहायचं. पण त्याच्या बुडाशी अडकवलेली बॅटरी बघा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास, म्हणजे गुणाकार केला की ९० वॅट-तास. मध्यम लॅपटॉपच्या पोटात ५० ते ६० वॅट-तासच मावतात. वीज गेलेली, लॅपटॉप आठ टक्क्यांवर आलेला आणि समोर हा ठोकळा निवांत पडलेला, असा योग एकदा जुळून आला की हातानं काही जोडता येणाऱ्या माणसाला चैन पडत नाही.

आकडेही फितवतात. बॅटरीवर १८ छापलेलं, लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १९ किंवा १९.५. एवढ्या-तेवढ्या फरकानं काय बिघडणार, सरळ दोन वायरी जोडून टाकू, असं वाटतं.

वाटतं ते चूक आहे, कारण १८ हा आकडा म्हणजे एका उताराचा मधला टप्पा. आत लिथियम-आयनचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे पाचांचा मिळून पॅक २१ चा. मधल्या काळात सेल ३.६ च्या आसपास रेंगाळतो, तेव्हा पॅक १८ चा. सेल ३ व्होल्टवर आला की संपला म्हणायचं आणि पॅक १५ वर. काही कंपन्या याच पाच सेलांच्या पॅकवर '२० व्होल्ट मॅक्स' असं छापतात. आत काही जास्त नसतं, विनालोड, म्हणजे काहीही न जोडता, भरलेल्या पॅकचा आकडा तेवढा पुढे केलेला असतो. लॅपटॉपला लागणारे १९.५ किंवा २० व्होल्ट नेमके या उताराच्या मध्येच कुठेतरी येतात. सुरुवातीला पॅक त्यांच्या वर असतो, थोड्याच वेळात खाली जातो. थेट जोडणी केली तर लॅपटॉप बहुधा चार्ज होऊ लागेलही. पण त्याच्या स्वतःच्या बॅटरीत चार सेल ओळीनं असले तर ते भरायला १६.८ व्होल्ट आणि वर थोडी चढण लागते. पॅक तिथवर उतरला की चार्जिंग थांबतं आणि पॅकमधली बरीचशी वीज तशीच राहून जाते.

म्हणून मध्ये व्होल्टेज बदलून देणारा कन्व्हर्टर हवा आणि तोही बक-बूस्ट जातीचा. बक फक्त व्होल्टेज उतरवतो, बूस्ट फक्त चढवतो. पाच सेलांच्या पॅकला दोन्ही करणारा लागतो. इथे खरेदीतच गफलत होते. यूएसबी-सीचे स्वस्त पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे व्होल्टेज ठरवून वीज देणारे) मॉड्यूल पुष्कळ मिळतात, त्यांवर ६५ वॅट, १०० वॅट असं ठसठशीत लिहिलेलंही असतं. पण त्यातले बरेच नुसते बक असतात. २४ व्होल्ट आत दिले तर ते २० देतात. आपला पॅक २० च्या खाली गेला की ते २० पुरवू शकत नाहीत, लॅपटॉपला १५ किंवा ९ वर भागवावं लागतं, आणि काही लॅपटॉप तेवढ्यावर चार्जिंगच नाकारतात. माहितीपत्रकात 'इनपुट आउटपुटपेक्षा जास्त हवं' असं बारीक अक्षरात दिसलं की मॉड्यूल खाली ठेवावं.

दुसरी गल्लत ट्रिगर बोर्डाची. तो दिसायला तसाच, यूएसबी-सीचं तोंड असलेलाच, पण चार्जरकडून २० व्होल्ट मागून घेणारा असतो. आपल्याला मागणारा नको, देणारा हवा.

लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होणारा असेल तर निम्मं काम सोपं होतं. पीडीमध्ये चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसांत बोलतात, ५, ९, १५, २० यांतलं व्होल्टेज ठरवतात, मग वीज सोडतात. साध्या केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंत मिळतात. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. ६५ वॅटचं मॉड्यूल आणि जुनी केबल लावून '६० च का मिळतात' म्हणून मॉड्यूलला बोल लावू नये. एक मात्र अजिबात करू नये: कन्व्हर्टरचे कायमचे २० व्होल्ट सरळ यूएसबी-सीच्या प्लगला जोडणं. तुमचा लॅपटॉप कदाचित तरेल, पण ती केबल कधीतरी कुणीतरी फोनला लावणारच.

गोल जॅकवाल्या लॅपटॉपचं दुखणं वेगळं. पिनचं माप अर्ध्या मिलिमीटरनं चुकलं तरी भोवतं. ५.५ बाय २.१ चा प्लग २.५ च्या पिनवर शिरतच नाही, तिथे निदान चूक कळते. पण २.५ चा प्लग २.१ च्या पिनवर सैलसर बसतो, चार्ज करतो, आणि सव्वातीन अँपिअरला त्या ढिल्या टेकणीपाशी तापत राहतो. सगळ्यात चांगली केबल म्हणजे मेलेल्या मूळ अडॅप्टरची कापून घेतलेली. बहुतेक केबलींत आतली तार धन, भोवतीची जाळी ऋण. तरी कापल्यावर मल्टिमीटरनं प्लगच्या टोकापर्यंत तपासायचंच. तिसरी बारीक तार निघाली तर ती ओळखीची. डेलचे अनेक लॅपटॉप त्या तारेवरून अडॅप्टर किती वॅटचा ते विचारतात आणि उत्तर देणारी चिप अडॅप्टरच्या डब्यात असते, केबलमध्ये नाही. उत्तर आलं नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही, प्रोसेसरही मंद होतो. तेव्हा तो डबा फेकू नये. ती चिप काढून आपला कन्व्हर्टर ज्यात बसेल त्या नव्या डब्यात बसवता येते. लेनोवोच्या चौकोनी प्लगमध्ये हेच काम एका ठरावीक ओहमच्या रेझिस्टरवर भागतं.

आता मुख्य अडचण, जी वायरिंगच्या चित्रांत सहसा दिसत नाही. ड्रिलची बॅटरी एकटी राहण्यासाठी बनवलेलीच नाही. अनेक ब्रँडच्या पॅकमध्ये 'आता पुरे' म्हणणारं सर्किट नसतं; ते ड्रिलच्या मुठीत असतं. पॅकवर धन आणि ऋण यांच्यामध्ये ज्या दोन-चार जादा पट्ट्या दिसतात, त्यांतून ड्रिल सेलचं तापमान किंवा व्होल्टेज बघत असतं आणि पॅक रिकामा झाला की मोटर थांबवतं. आपण ड्रिल काढून टाकलं म्हणजे ही राखणही काढून टाकली. कन्व्हर्टर तर भलताच निष्ठुर. त्याला आत ८ व्होल्ट आले तरी चालतात. तो सेल २ व्होल्टच्या खाली ओढून नेईल, लॅपटॉपचा दिवा शेवटपर्यंत शांतपणे जळत राहील, आणि दुसऱ्या दिवशी मूळ चार्जर तो पॅक घ्यायला नकार देईल. (त्या मधल्या पट्ट्यांना मात्र हात लावू नये. काही थेट सेलांच्या जोडावर असतात. धनशी टेकल्या तर आतले सेल शॉर्ट होतात.)

यात भर म्हणजे लॅपटॉपची मागणी कमी होत नाही. ६५ वॅट द्यायचे तर कन्व्हर्टरची दहा टक्के घट धरून आत साधारण ७२ वॅट लागतात. २१ व्होल्टला ते ३.४ अँपिअर, १५ व्होल्टला ४.८. पॅक जसजसा खंगतो तसतशी ओढ वाढते. ऋणको डबघाईला आला की हप्ता वाढवणारा सावकारच हा. जादा अँपिअरमुळे पॅकच्या टोकांवरचं व्होल्टेज आणखी दबतं, म्हणून अँपिअर आणखी वाढतात.

म्हणून लो-व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज ठरल्या आकड्याखाली गेलं की जोडणी तोडणारा भाग, ऐच्छिक नाही. रिलेवाली (रिले म्हणजे विजेनं चालणारा स्विच), आकडे दाखवणारी छोटी मॉड्यूल सर्रास मिळतात. तोडायचं १५ ते १५.५ व्होल्टवर. पुन्हा जोडायचा आकडा मात्र १८ च्याही वर ठेवायचा. कारण लोड सुटला की पॅक उसासा टाकल्यासारखा व्होल्ट-दीड व्होल्टनं वर येतो. दोन आकड्यांत अंतर कमी ठेवलं तर रिले तोडतो, पॅक सावरतो, रिले जोडतो, पॅक पुन्हा दबतो. डब्यातून टक-टक आणि लॅपटॉपच्या चार्जिंगच्या चिन्हाची उघडझाप सुरू झाली की बाकी काही तपासण्याआधी हे दोन आकडे बघावेत.

जोडणीचा क्रम असा: पॅकचं धन टोक, लगेच फ्यूज, मग स्विच, कट-ऑफ, कन्व्हर्टर, केबल. फ्यूज टोकापासून जितका जवळ तितका बरा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला कसलंच संरक्षण नसतं. गाडीतला ७.५ अँपिअरचा तपकिरी ब्लेड फ्यूज पुरतो. तो लॅपटॉपसाठी नाहीच, वायरीसाठी आहे. हे सेल ड्रिलला क्षणात वीस-तीस अँपिअर देण्यासाठी निवडलेले असतात. शॉर्ट झाले तर शंभराच्या वर सहज जातात आणि वायर लाल होते. वायर १.५ चौरस मिलिमीटरची लवचीक घ्यावी. पॅकच्या पट्ट्यांवर सोल्डर करू नये. तापलेलं टोक आतल्या प्लॅस्टिकला आणि सेलला मानवत नाही. स्पेड लग (वायरीला लावायची चपटी धातूची टोकं) खुपसून काम भागवणारे आहेत, पण ते हलतात आणि एक निसटून दुसऱ्याला टेकायला वेळ लागत नाही. पॅकच्या खाचांत सरकणारा, दोन वायरी बाहेर काढलेला ब्रँडनिहाय माउंट मिळतो, तोच वापरावा. स्विच बंद ठेवूनच पॅक सरकवावा, नाहीतर कन्व्हर्टरचे रिकामे कपॅसिटर एकदम भरतात, ठिणगी उडते आणि पट्ट्यांवर काळे खड्डे पडतात.

कन्व्हर्टरवर लिहिलेल्या वॅटांच्या निम्म्यावर भरवसा ठेवावा. ६५ वॅट हवे असतील तर १५० चं मॉड्यूल. नवं मॉड्यूल किती व्होल्टवर सेट होऊन आलंय याचा नेम नसतो, म्हणून लॅपटॉप दूर ठेवून आधी व्होल्टेज लावायचं. त्यावरचा निळा प्रीसेट, म्हणजे आकडा बदलायचा छोटा स्क्रू, पुष्कळ फेऱ्यांचा असतो. दहा फेऱ्या फिरवूनही मीटर ढिम्म हलत नाही, माणूस मॉड्यूल बिघडलंय असं ठरवतो आणि नेमका अकराव्या फेरीला आकडा धावू लागतो. धीर धरावा आणि मूळ अडॅप्टरवर छापलेला आकडा गाठावा, जास्त नाही.

मग लोड. पहिला लोड लॅपटॉप नको. गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॅटचे चार बल्ब घ्या. दोन-दोन ओळीत जोडून अशा दोन जोड्या समांतर लावल्या की २० व्होल्टला जवळपास सव्वातीन अँपिअर ओढले जातात, म्हणजे हवे तेच ६५ वॅट. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट मागतं, म्हणून एक जोडी पेटल्यावर दुसरी लावायची. आधी काळपट तांबडी तार, मग नारिंगी, मग पिवळा उजेड. करंटची मर्यादा ठरवणारा प्रीसेट बल्ब किंचित मंदावेपर्यंत खाली आणायचा आणि तिथून थोडा वर न्यायचा. दोन्ही प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकला की ते हलत नाहीत. अर्धा तास बल्ब तसेच जळू द्यावेत. कॉइल, हीट सिंक आणि वायरींचे जोड यांना हात लावून बघावा (पॅक सुटा करून). सात-आठ वॅट उष्णता फार वाटत नाही, पण बंद डब्यात तेवढी पुरते. डब्याला खाली-वर भोकं हवीत आणि पॅक कन्व्हर्टरच्या डोक्यावर नको. पॅक स्वतः फारसा तापत नाही. ड्रिलच्या मानानं पाच अँपिअर म्हणजे त्याला विश्रांतीच.

हातात किती पडतं? ९० वॅट-तासांतून घट आणि तळाशी सोडलेला भाग वजा जाता लॅपटॉपच्या तोंडाशी ७० ते ७५ पोचतात. मध्यम लॅपटॉप एकदा भरून थोडं उरतं. २ अँपिअर-तासांच्या चपट्या पॅकमधून जेमतेम ३० मिळतात. ४५ वॅटवर भागणारा लॅपटॉपच त्याला लावावा, ६५ च्या लोडला तो लवकर दबतो आणि कट-ऑफ आधीच गाठतो. दोन पॅक ओळीत जोडून ३६ व्होल्ट करणं आणि साधा बक वापरणं हा मोहक पर्याय आहे. मात्र दोन्ही पॅक सारखे असले तरी एक आधी संपतो आणि दुसरा त्याला उलटा ढकलू लागतो, म्हणून प्रत्येकाला वेगळा कट-ऑफ लागेल. इन्व्हर्टर लावून २३० करणं आणि त्यावर मूळ अडॅप्टर चालवणं हा तर नुसता तोटाच. दोनदा रूपांतर, आणि लॅपटॉप बंद असला तरी इन्व्हर्टर आपला वाटा खातच राहतो.

कट-ऑफनं तोडल्यावर पॅक तसाच अडकवून ठेवू नये. त्या मॉड्यूलचा आकड्यांचा दिवा काही मिलिअँपिअर घेतो आणि १५ वर आलेल्या पॅकला तेवढंही काही दिवसांत भोवतं. पॅक काढून त्याच्या मूळ चार्जरवर लावायचा. डब्याला उलट्या बाजूनं वीज देऊन भरण्याची युक्ती मनातही आणू नये, कारण कुठला सेल किती भरला हे बघणारं तिथे कुणी नसतं.

आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं: २० व्होल्ट, आतली पिन धन. वायफाय राउटरचं भोकही बरेचदा ५.५ मिलिमीटरचंच असतं, वीज गेली की तोही बंद पडतो, आणि घरातलं कुणीतरी हा प्लग त्यात खुपसून बघतंच. राउटर मात्र बहुधा १२ व्होल्टचा असतो.