ऊसतोडीत सापडलेली पिल्लं पाळता येतील का?

ऊसतोड ऐन भरात असली की जुन्नर भागातून येणारा फोन बहुधा ‘बिबट्याची पिल्लं सापडली’ असाच असतो. त्या दुपारीही तसाच आला. पाचटाखाली दोन पिल्लं होती. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर दाट ठिपके असतात. इथे पुसट पट्टे, लांब पाय, आखूड शेपटी. रानमांजराची पिल्लं.

तोडणीवाल्या मावशींनी विचारलं, “डॉक्टर, बाटलीनं दूध पाजून वाढवली तर घरच्या मांजरासारखीच होतील की!”

नाही होत. एखादं पिल्लू माणसाळेल, पण पाळीव व्हायला पिढ्या लागतात. आपलं घरचं मांजर ‘फेलिस लिबिका’ या वेगळ्या रानटी जातीचं. पश्चिम आशियात धान्य साठू लागलं, उंदीर आले, त्यांच्यामागे ही मांजरं आली. माणसाला कमी बुजणारी टिकली, त्यांचीच वीण वाढत गेली. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं मांजर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचं आहे. लांडग्यापासून झालेला कुत्रा त्याहून जुना सोबती. जर्मनीत बॉन-ओबरकासेलला माणसांसोबत पुरलेलं पिल्लू सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं.

रानमांजर माणसाजवळ राहिलंच नाही असं नाही. इजिप्तमध्ये हिएराकॉनपोलिसला सुमारे 5,700 वर्षांपूर्वी पुरलेल्या एका रानमांजराची मोडलेली हाडं सांधलेली आढळली, म्हणजे कुणीतरी त्याला काही आठवडे सांभाळलं होतं. तरी या जातीतून पाळीव वंश उभा राहिला नाही. मावशींना द्यायला याहून बोलका पुरावा माझ्याकडे नव्हता. शिवाय 1972च्या वन्यजीव कायद्यानं रानमांजर पाळता येतच नाही.

मग कामाला लागलो. हातमोजे घालून जखमा आणि गोचीड तपासले. अंग गार लागलं तर आधी ऊब द्यायची. गार पिल्लाला दूध पचत नाही, ते फुप्फुसातही जाऊ शकतं. गाईचं दूध तर नकोच. त्यातली दुग्धशर्करा पचत नाही, जुलाब लागतात आणि अंगातलं पाणी कमी होऊन पिल्लं दगावतात.

भाजीच्या क्रेटमध्ये पाचट अंथरून अंधार पडण्याआधी तो नेमका सापडल्या जागीच ठेवला. आई तिथेच शोधत येते. पिल्लांना चढून बाहेर पडता येऊ नये, पण आईला आत तोंड घालता यावं एवढीच क्रेटची उंची हवी. कॅमेरा लावून सगळ्यांना लांब नेलं. माणसांचा, कुत्र्यांचा वावर असला की आई येत नाही.

अंधार पडल्यावर ती आली आणि एकेक करून दोन्ही घेऊन गेली. सकाळी एखादं मागे उरलं, तर वनखात्याला कळवून दिवसभर सावलीत सांभाळायचं आणि संध्याकाळी पुन्हा त्याच जागी ठेवायचं.