बाळाचं दूध कशात तापवता?

बाळाला दूध कोणतं देता, कधीपासून देता आणि ते तापवता कशात? पुण्यातल्या एका हॉस्पिटलात साधारण १९८०च्या सुमारास आयांना हे प्रश्न विचारले जात होते. एवढ्याशा चौकशीतून एका जीवघेण्या आजाराचा माग लागला, हे आजच्या डॉक्टर मुलामुलींना सांगितलं की ती माझ्याकडे जराशा संशयानं बघतात. मी डॉक्टर नाही. हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासण्याच्या, लॅबमध्ये टेक्निशियन होते. पॅराफिनचे ब्लॉक करायचे, मायक्रोटोम यंत्रावर त्यांचे पातळ काप, म्हणजे सेक्शन, कापायचे, स्लाइडवर चढवून रंगवायचे आणि ट्रे डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. पण या आजाराच्या मुलांच्या लिव्हरच्या स्लाइड्स आमच्याही लॅबमध्ये येत, त्या रंगवणाऱ्यांपैकी मी एक, त्यामुळे या गोष्टीवर थोडा हक्क सांगते.

इंग्रजीत या आजाराला इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस म्हणत, तोंडी आयसीसी. सिऱ्हॉसिस म्हणजे यकृतात वण पडून ते घट्ट होत जाणं. घरोघरी नुसतं ‘लिव्हर’. ‘त्यांच्या धाकट्याला लिव्हर झालंय’ म्हटलं की ऐकणारी बाई पदर तोंडाला लावायची. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. म्हणजे पुढची जवळजवळ शंभर वर्षं आजार माहीत होता आणि कारण माहीत नव्हतं. मूल साधारण सहा महिन्यांचं झाल्यापासून ते तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत धोका. आधी चिडचिड, भूक नाही, पोट जरा फुगलेलं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला की यकृत दगडासारखं घट्ट लागायचं आणि त्याची कड धारदार. मग कावीळ, पोटात पाणी. कावीळ दिसल्यावर बहुतेक मुलं काही महिन्यांत जात. एका घरात एक गेलं की पुढच्याचीही धास्ती असे, कारण भावंडांत हा आजार पुन्हा दिसायचा.

माझ्या आत्याची दोन मुलं यात गेली. सातारा जिल्ह्यातलं खातंपितं घर, दारात म्हैस. बाकीचं मी ऐकलेलं आहे: अंगारे, कडू काढे, वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून पोस्टानं मागवलेली लिव्हरची औषधं, आणि शेवटी ‘हिच्या दुधातच दोष’ हा निकाल. अंगावरचं दूध तोडून बाळाला म्हशीच्या दुधावर ठेवायचं, हा त्यावरचा घरचा उपाय. त्या उपायाचं काय झालं असेल, ते मला पुढे नोकरीत कळलं. आत्या तोवर गेली होती.

मुलांचं हॉस्पिटल म्हटलं की आपल्याला परळचं वाडिया आठवतं, १९२९ पासूनचं. ही गोष्ट मात्र पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएमची, म्हणजे सगळ्यांसाठीच्या हॉस्पिटलातल्या मुलांच्या विभागाची. डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्या बरोबरीनं इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर, ही त्यातली मुख्य नावं. तिघांनी मिळून काम कसं जमवलं ते मला ठाऊक असायचं कारण नाही. मी तिथे नोकरीलाही नव्हते. पण त्यांच्या लेखांच्या झेरॉक्स प्रती आमच्या लॅबच्या कपाटात होत्या, आणि दुपारचा डबा झाल्यावर मी त्या डिक्शनरी घेऊन वाचल्या आहेत.

त्याआधी काय काय तर्क झाले होते! विषाणू असेल. आनुवंशिक असेल. कुपोषण असेल, पण मग गरिबांपेक्षा मध्यम स्थितीतल्या घरांत जास्त कसं? भुईमुगाला लागणाऱ्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष असेल, यावर म्हैसूरकडे बरंच काम झालं. गावांकडे जास्त, मोठ्या शहरांत कमी. हिंदू घरांत जास्त, मुसलमान घरांत फार थोडं. मुलींपेक्षा मुलगे जास्त. प्रत्येक माहिती खरी होती, पण ती सगळी एका जागी बसत नव्हती.

मायक्रोस्कोपखाली तर अजूनच गोंधळ. यकृतातून सुईनं काढलेला तुकडा शेवईएवढा असतो. त्याचा सेक्शन नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या एच अँड ई रंगात बघितला तर फुगलेल्या पेशी, एकेका पेशीला वेढून टाकणारे तंतू आणि पेशींच्या आत मॅलरी बॉडीज नावाचे गुलाबी पुंजके दिसतात. हे पुंजके पॅथॉलॉजिस्ट मंडळींना चांगले परिचयाचे, पण वर्षानुवर्षं दारू प्यायलेल्या माणसाच्या यकृतात. इथे रिक्विझिशन फॉर्मवर वय लिहिलेलं असायचं दीड वर्ष. आमच्या लॅबचे पॅथॉलॉजिस्ट सर पहिल्यांदा स्लाइड दाखवताना म्हणाले होते, “ताई, वय बघू नका, आधी लिव्हर बघा. मग वय बघा.” तसंच केलं. त्यानंतर मी प्रत्येक फॉर्मवरचं वय आधी वाचायला लागले, जे टेक्निशियननं करायची काही गरज नसते.

वाट सापडली ती ओर्सीनमुळे. ओर्सीन हा दगडफुलासारख्या लायकेनपासून काढलेला जुना रंग. तो लवचीक तंतू दाखवायला वापरत. १९७४ मध्ये जपानच्या शिकाता यांनी दाखवलं की सेक्शनला आधी परमँगनेटचा हात देऊन मग ओर्सीन लावलं, तर हेपॅटायटिस बी चा अंश तपकिरी दिसतो. झालं, जगभर लिव्हरच्या स्लाइड्सना ओर्सीन लागू लागलं. तेच आयसीसीच्या मुलांच्या यकृतांना लावल्यावर तपकिरी दाणे खच्चून भरलेले दिसले. हेपॅटायटिस बी चे ते नव्हेत. ते होतं तांब्याला धरून ठेवणारं प्रथिन. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या मंडळींनी, ज्यांत टॅनर होते, हे १९७८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं आणि पुढच्या वर्षी प्रत्यक्ष तांबं मोजून आकडे दिले. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे तांबं पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांत ते शेकड्यांत, पुष्कळदा हजाराच्या पुढे.

तांबं साठण्याचा एक आजार आधीपासून माहीत होता, विल्सनचा. पण तो इतक्या लहान वयात सहसा दिसत नाही, आणि त्यात रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, बहुधा कमी असतं. या मुलांचं तसं नव्हतं. मग एवढं तांबं आलं कुठून? त्या वयाचं मूल खातंच काय? दूध.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो स्वयंपाकघरात घडतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई लावायची, हे प्रत्येक घरात माहीत. कल्हईवाला आला की अंगणात भाता, कोळसे, नवसागराचा तो नाकात जाणारा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवलेलं कथील. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी, ताक, चिंचेचं काही ठेवलं तर कळकतं. तोंडात धरवत नाही. म्हणून आंबटाचं भांडं कल्हईचं. दूध आंबट नसतं. दुधाचं पातेलं बिनकल्हईचं असलं किंवा कल्हई झिजली तरी कोणाला फिकीर नव्हती, उलट चिंचेनं घासून लखलखीत केलेलं पितळ हीच बाईच्या टापटिपीची खूण. त्यात दूध तापवायचं आणि तसंच दिवसभर ठेवायचं. दुधातलं केसिन हे प्रथिन पितळेतून सुटलेलं तांबं धरून ठेवतं, आणि ते थेट बाळाच्या पोटात जातं.

पुण्याच्या गटानं आयसीसीच्या मुलांच्या घरची चौकशी इतर मुलांच्या घरांशी ताडून बघितली. आजारी मुलांना गाईम्हशीचं दूध फार लवकर, जन्मानंतर थोड्याच काळात सुरू झालेलं, आणि ते तांब्यापितळेच्या भांड्यातलं, हे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त निघालं. लेख लॅन्सेटमध्ये १९८३ साली आला. आता त्या न बसणाऱ्या गोष्टी एकेक करून बसू लागतात. फार गरीब घरात ना म्हैस ना पितळेची उतरंड, मूल आईच्याच दुधावर. आईच्या दुधात तांबं थोडं. खात्यापित्या घरात मात्र बाळाला लवकर वरचं दूध देणं हे लाडाचं लक्षण. शिवाय बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो आणि ते पित्तावाटे बाहेर टाकायची ताकद अजून पुरती आलेली नसते. अशा वेळी वरून रोज भर. आत्याच्या घरी अंगावरचं तोडून म्हशीचं सुरू केलं होतं, ते याच वयात.

संशोधन तिथेच थांबलं असतं तर त्याचा उपयोग अर्धाच. विल्सनच्या आजारात १९५६ मध्ये इंग्लंडच्या वॉल्शी यांनी पेनिसिलामिन वापरलं होतं, शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. ते या मुलांना देऊन पाहिलं. कावीळ उघड झाल्यावर आलेल्या मुलांत फार काही हाती लागलं नाही. पण लवकर सापडलेल्या, कावीळ नसलेल्या मुलांपैकी काही वाचली, आणि नुसती वाचली नाहीत. पुन्हा बायोप्सी केल्यावर त्यांच्या यकृतातला वण मागे हटलेला दिसला. सिऱ्हॉसिस उलटत नाही असं तेव्हा शिकवलं जायचं. आमच्या सरांचा तर यावर विश्वास बसायला वेळ लागला. “सुई चांगल्या भागात गेली असेल,” म्हणायचे. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या वैद्यकीय संस्थेतूनही तशीच निरीक्षणं आली, तेव्हा गप्प बसले.

दुसरीकडे पुणे जिल्ह्यात भांडी बदला, बाळाला आईचंच दूध द्या हे सांगणं सुरू होतं. आजार ओसरत गेला. श्रेय कोणाला? हॉस्पिटलला आहेच. पण माझ्या मते निम्मं श्रेय बोहारणीचं. जुने कपडे घेऊन स्टीलची पातेली देणाऱ्या त्या बाईनं आणि लग्नात नाव कोरून दिलेल्या स्टीलच्या भांड्यांनी पितळ माळ्यावर घालवलं, आणि मग ते मोडीत. आमच्या घरची दुधाची पितळी पातेली अशीच वजनावर गेली. तेव्हा आजी चार दिवस कोणाशी बोलली नव्हती.

पण हेच शंकेखोरांचं हत्यारही झालं. स्टील सगळीकडे एकदमच आलं, सुधारणा सगळ्याच बाजूंनी झाल्या, मग तांबंच दोषी कशावरून? भारतातल्या काही ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टांनी हे उघडपणे लिहिलं आहे. तांबं हा परिणाम असेल, कारण नसेल, असा त्यांचा रोख. अमेरिकेतून आणखी एक मुद्दा आला. मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांच्या पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरमागे आठ मिलिग्रॅमहून जास्त होतं, तरी तिथल्या लहान मुलांत यकृताच्या अशा आजारानं मृत्यू सापडले नाहीत. १९९४ सालचा तो लेख.

आणि दोनच वर्षांनी ऑस्ट्रियातून उलट बाजूचा पुरावा आला. टिरोल भागातल्या डोंगराळ शेतकरी कुटुंबांत १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलं हुबेहूब अशाच सिऱ्हॉसिसनं गेली होती. गाईचं दूध, बिनकल्हईची तांब्याची भांडी. भांडी बदलली, आजार संपला. तिथल्या वंशावळी मांडल्यावर दिसलं की आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच मूल आजारी पडत असावं. म्हणजे तांबं हवं आणि जनुकही हवं. मॅसॅच्युसेट्सचं कोडं यात सुटतं, आणि पितळी पातेल्यातलंच दूध पिऊन आम्ही भावंडं धडधाकट कशी राहिलो, तेही. मला हा निकाल पटतो. ते जनुक मात्र अजून हाती लागलेलं नाही. विल्सनच्या आजाराचं जनुक तपासून झालं, ते नव्हे. आता शोधायचं तर पेशंटच नाहीत.

हल्ली तांब्याच्या बाटल्यांची फॅशन आल्यापासून मला नात्यातल्या मुली विचारतात, आत्या, हे पाणी चालेल का? मोठ्या माणसानं साधं पाणी पिणं आणि चार महिन्यांच्या बाळानं पितळेत तापवून ठेवलेलं दूध पिणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, घाबरायचं कारण नाही, असं सांगते. मात्र परवा एकीनं इन्स्टावर बघून बाळाच्या दुधासाठी ‘पारंपरिक’ पितळी पातेलं मागवल्याचा फोटो पाठवला, छान हाताचे ठोके दिलेलं, आत कल्हई आहे की नाही ते फोटोत कळत नव्हतं. तिला मी फोन करून ते डाळीला वापर म्हटलं, कल्हई करून घेऊन. कल्हई कुठे करतात, हे तिला माहीत नव्हतं. मलाही आता पेठेत चौकशी करावी लागेल.