इतकी ताणली नाही

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोप नाही, आणि कारण इतकं फालतू आहे की कुणाला सांगायचीही सोय नाही. संध्याकाळी दादाची मोटरसायकल परत दिली तेव्हा त्याने विचारलं, "५००० च्या पुढे काय करते बघितलंस का?" आणि मी म्हणाले, "नाही रे, इतकी ताणली नाही."

साफ खोटं. चांगली ताणली होती. (५००० म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे.)

खोटं बोलल्याचं मला एरवी फार वाटत नाही. ऑफिसात दिवसाला दोन तरी बोलते. हे मात्र सारखं वर येतंय, ते ऐकल्यावर त्याचा चेहरा जो झाला त्यामुळे. रागावला वगैरे नाही. "बरं" म्हणाला, किल्ली घेतली, आणि हेडलाइटवर चिकटलेला एक किडा डाव्या हाताच्या अंगठ्याने खरवडून काढला. बस्स, एवढंच.

किल्ली त्याने आपणहून दिली होती, हे इथे लिहून ठेवते. मी मागितली नव्हती. मागणार कशी? चार महिने ती गाडी कव्हराखाली आहे आणि चार महिने आम्ही सगळे त्या कव्हराकडे न बघता ये-जा करतो. आज सकाळी फोन आला, "उभी राहून राहून बॅटरी उतरतेय. ये आणि फिरवून आण." मागून वहिनी काहीतरी म्हणाली ते नीट ऐकू आलं नाही. (आलं. पण जाऊ दे.)

मी पोचले तर कव्हर काढून घडी घालून ठेवलेलं. टायरमध्ये हवा भरलेली, चेनला ल्यूब मारलेलं. एका हाताने चाक फिरवायचं आणि त्याच हाताने चेनला स्प्रे मारायचा, कसं जमवलं देव जाणे. ट्रिप शून्य केली, अॅव्हरेज शून्य केलं. ही त्याची जुनी खोड, दुसऱ्याच्या गाडीत बसला तरी बोट जातंच त्या बटणाकडे. मग म्हणाला, "टायर गार आहेत, पहिले आठ-दहा किलोमीटर वाकवू नकोस." झालं, एवढीच सूचना. "जपून जा" म्हणाला नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मी मोठ्या रुबाबात बसले, स्टार्टर मारला, पहिला टाकला आणि गाडी ठप्प. साइड स्टँड खालीच. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं, मुद्दाम केलेली सोय आहे, मला माहीत आहे, मी लोकांना सांगत असते. दादा आभाळाकडे बघत होता. वहिनी खिडकीत होती, हसली असावी. हसली असेल तर बरंच झालं म्हणायचं.

माझी १५० सीसीची गरीब गाय. तिच्यावरून उठून हिच्यावर बसायचं म्हणजे धास्ती होतीच. टाकी भरून १८० किलोच्या वर वजन. ढकलताना ते कळतं, पाय टेकून उभं राहिलं की कळतं, पण चाकं फिरायला लागली की जातं कुठे तेच समजत नाही. हँडल रुंद आहे. डावीकडे जायचं तर डावी मूठ किंचित पुढे रेटायची, गाडी डावीकडे झुकते. ऐकायला उलटं वाटतं, पण दुचाकी अशीच वळते, वेगात असली की सायकलसुद्धा. आपण करत असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. माझ्या गाडीवर मला खरंच पत्ता नव्हता. इथे नुसतं मनात आणलं तरी झुकायला लागली.

समोर काच नाही, फेअरिंग म्हणजे अंगावरचं प्लास्टिकचं आवरण नाही, मीटरच्या पुढे थेट रस्ता. यावर दादाचं एक ठरलेलं भाषण आहे. पूर्वी सगळ्याच गाड्या अशाच होत्या, त्यांना कुणी नेकेड म्हणत नव्हतं. फेअरिंग बोकाळली तेव्हा साध्या गाडीला वेगळं नाव द्यायची वेळ आली. तिथून तो १९९३ च्या डुकाटी मॉन्स्टरवर येतो, आणि एकदा मॉन्स्टरवर आला की घरातले एकेक जण उठून जातात. मीही जायची. फक्त इंजिनाचं ऐकायला थांबायचे, कारण तेव्हा तो टेबल वाजवायचा.

ही यामाहाची एमटी-०७, २०१४ ला आलेली, ६८९ सीसी, शेजारी शेजारी दोन सिलिंडर. पण दोन्ही सारख्या अंतराने पेटत नाहीत. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, २७० अंशांचा. एक पेटलं की २७० अंशांनी दुसरं, आणि मग तब्बल ४५० अंशांनी पुन्हा पहिलं. ९० अंशांच्या व्ही-ट्विनची, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर बसवलेल्या इंजिनाची असते तीच लय, सरळ उभ्या इंजिनात आणलेली. आकड्यांत मला हे कधीच कळलं नाही. त्याने टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं तेव्हा कळलं: टक-टक, जरा दम, टक-टक, जरा दम. तेव्हा उजव्या हाताने वाजवलं होतं.

आज तीच लय सीटखालून आली. दुसऱ्या गिअरला, २५००-३००० च्या आसपास, एकेक ठोका सुटा मोजता येईल अशी.

तर मी खोटं का बोलले?

पहिलं उत्तर वहिनी. ती पायरीवर उभी होती. तिच्यासमोर, या चार महिन्यांनंतर, "७००० पर्यंत नेली" असं म्हणणार होते का मी? ठीक. पण वहिनी लगेच आत गेली. त्यानंतर मी तिथे दहा मिनिटं होते. कव्हर घालायला मदत केली, कव्हराची दोरी चाकाखालून घेतली, पावसाचं बोलले. तेव्हा कोण अडवत होतं?

दुसरं उत्तर जास्त खरं आहे आणि ते मला आवडत नाही. लहानपणापासून माझ्याकडे वस्तू आल्या त्या एकाच शिफारशीवर. "तिला दे, ती सांभाळून वापरते." दादाची सायकल, दादाचा वॉकमन, दादाची भूमितीची पेटी. तुला आवडेल म्हणून कुणी दिलं नाही, तू मोडणार नाहीस म्हणून दिलं. आणि मीही जन्मभर न मोडता परत करत आले. आज किल्ली परत करताना तोंडातून जे निघालं ते चाळीस वर्षांच्या सवयीने निघालं. घे बाबा, जशीच्या तशी आहे. टाकीही भरून आणली.

पण त्याने ते विचारलंच नव्हतं! ओरखडा आला का विचारलं नाही, जपून चालवलीस का विचारलं नाही. मी गल्लीत वळले तेव्हा तो फाटकाशी उभा होता, मान जराशी तिरकी. बघत नव्हता माझ्याकडे. ऐकत होता. मी आणि माझी शहाणी मुलगी होण्याची हौस, आम्ही दोघींनी मिळून त्याला काय दिलं, तर भरलेली टाकी.

*

बारा वाजून दहा.

हे लिहिता लिहिता फोन वाजला. दादा. मजकूर नाही, फोटो. अंधारात मीटर चमकतोय. ट्रिप ४६.२, अॅव्हरेज १७.६. मिनिटभराने खाली एक ओळ: "इतकी ताणली नाही म्हणे."

निवांत चालवली तर ही २४-२५ देते. त्याच्याकडे वही आहे, प्रत्येक टाकीची नोंद असलेली. त्याच्यापुढे मायलेज लपवायला निघालेली मी. आधी कान गरम झाले, मग एकटीच हसत सुटले. वॉकमनचंही असंच झालं होतं. बॅटरी उतरवून, कॅसेट मात्र होती तिथेच रिवाइंड करून ठेवली होती, आणि वाटलं होतं कुणाला कळणार नाही. म्हणजे सांभाळून वापरण्याचा माझा लौकिक हा निम्मा तरी रिवाइंड केलेला आहे, आणि ते त्याला तेव्हापासून माहीत आहे. सगळं मुसळ केरात.

आणि हो, रात्री बारा वाजता हा माणूस कव्हर काढून किल्ली लावून बसलाय. वहिनी झोपली असणार.

मग मी लिहायला घेतलं, त्याला, इथे नाही. आधी बोटाएवढं लिहिणार होते.

लिहिलं की रस्ता सरळ होता, मागेपुढे कुणी नव्हतं. ३५०० वर होते आणि मूठ पिळली. पूर्ण नाही, अर्ध्याहून जरा जास्त. माझ्या गाडीवर मूठ पिळणं म्हणजे अर्ज करणं. अर्ज जातो, विचार होतो, मग मंजुरी येते. इथे मी मागितलं आणि मिळून गेलं होतं. ५००० ला ते सुटे ठोके एकमेकांत मिसळायला लागले, टक-टकची घरघर झाली, घरघरीचा एकच जाड आवाज. ६५०० ला पोटात कुठेतरी तू सांगतोस ते, म्हणजे टॉर्कचा शेंडा तिथे आहे वगैरे, आलं असावं. मी कुठली बघतेय. वारा छातीवर पंजा ठेवून मागे ढकलत होता, हेल्मेट हनुवटीखाली ओढलं गेलं. मी हँडलला लोंबकळले होते, जे करायचं नसतं, मग आठवण झाली आणि गुडघ्यांनी टाकी आवळली. तेव्हा हात सुटे झाले. ७००० दिसले, मी ओरडले, आणि मूठ सोडली तशी मागून कुणी शेपूट धरल्यासारखी गाडी थबकत गेली. बाजूला घेऊन पाच मिनिटं उभी होते. पाय लटपटत होते. इंडिकेटर चालूच होता, आधीच्या वळणापासून. ओरडले काय ते लिहीत नाही.

पाठवलं. एवढं मोठं मी त्याला वाढदिवसालाही लिहीत नाही.

वाचलं गेलंय. लिहितोय असं दिसतंय, थांबतोय, परत लिहितोय. डाव्या हाताने टाइप करायला त्याला वेळ लागतो.

आलं.

"तिसऱ्यात की चौथ्यात?"